कर्नलसाठी पिस्तूल

“पिस्तूल घ्यायला चाललोय की मुलगी बघायला, तेच कळेना,” खटावकर सर माझ्या कानाशी पुटपुटले.

एसटीच्या तीन माणसांच्या बाकावर मी मधे होते. उजवीकडे खटावकर सर, आमच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक. डावीकडे खिडकीशी माझे सासरे रंगराव शेडगे, त्याच मंडळाचे नायक. मामंजींनी कोट घातला होता, बुटांना पॉलिश केलं होतं आणि मिशीला कसलंसं तेल चोपडलं होतं. त्या तेलाच्या वासानं पुढच्या बाकावरच्या बाईनं दोनदा मागं वळून बघितलं. सरांचं पुटपुटणं म्हणायला माझ्यासाठी होतं, पण माझ्यावरून पलीकडे जाईल इतक्या आवाजात केलेलं.

“सूनबाई,” मामंजी खिडकीबाहेर बघतच म्हणाले, “मास्तरांना सांग, मुलगी बघायला मी कोट घालून गेलो नव्हतो. पिस्तुलाची गोष्ट वेगळी.”

“मी काही बोललो का?” सर.

“तेच म्हणतोय. बोलायचं तर मोठ्यानं बोलावं. बायकांच्या कानात कसलं बोलताय?”

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. पिशवीत पोळ्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि टॉवेलात गुंडाळलेलं मंडळाचं जुनं पिस्तूल होतं. कराडपासून कोल्हापूरपर्यंत या दोघांच्या मधे बसायचं म्हणजे जात्यातला दाणा व्हायचं.

झालं होतं ते असं. राज्य स्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकात मामंजी कर्नल होते. कर्नलचा जावई फितूर निघतो. शेवटच्या अंकात कर्नल त्याच्यावर पिस्तूल रोखतो आणि गोळी घालतो, असा शेवट. प्राथमिक फेरीत मामंजींनी पिस्तूल रोखलं आणि ते रोखलेलंच राहिलं. गोळी काही सुटेना. जावई झालेला पोस्टातला बाबर छातीवर हात न्यायच्या तयारीत, पडावं की थांबावं या विचारात उभा. शेवटी मामंजींनी हात खाली घेतला, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि पाठ फिरवली. पडदा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांना वाटलं, कर्नलनं जावयाला माफ केलं! ‘अनपेक्षित आणि संयत शेवट’ असं म्हणून त्यांनी आम्हांला पहिला नंबर देऊन टाकला.

रंगपटात येऊन मामंजी म्हणाले, “पिस्तूल अडकलं.”

“हो हो, अडकलं,” बाबर म्हणाला.

“अडकलं,” आमचे हे म्हणाले. ते पडदा ओढायला होते.

“जुनंच झालंय ते,” खटावकर सर म्हणाले, आणि सगळे चहाला गेले.

पण पंधरवड्यानं सरांनी सांगितलं, अंतिम फेरीत असा धोका पत्करता येणार नाही. कर्नलसाठी त्यांनी बँकेतल्या निंबाळकरला तयार ठेवलाय. मामंजी तालमीच्या हॉलमध्ये ओरडले होते, “पिस्तूल अडकलं तर पिस्तूल बदलतात, कर्नल बदलत नाहीत!” त्यावर तोड निघाली ती ही. पिस्तूल मामंजींनी निवडायचं, दुकानातच सरांसमोर शेवटचा प्रवेश करून दाखवायचा. जमलं तर रंगराव, नाही तर निंबाळकर. सामान माझ्याकडे, म्हणून मीही बरोबर.

माझं आणि मामंजींचं बरं नव्हतं, हेही सांगून टाकते. मी आठवीला गटांगळी खाल्लेली, आणि त्यांना सून पदवीधर हवी होती. मी मंडळात काम करायला लागले तेव्हा ते महिनाभर माझ्या हातचं जेवले पण माझ्याशी बोलले नाहीत. नाटकाच्या संहिता वाचून वाचून मी सरसर वाचायला शिकले, नीट लिहायला शिकले. त्यांच्या लेखी मी टोप आणि तलवारी मोजणारी बाईच होते. पण त्यांना सकाळचा चहा मी देत असे. नाटक बसत असलं की ते कपाला हात लावायच्या आधी खुर्चीत ताठ होऊन बसत. नाटक नसलं की चहावर साय धरेपर्यंत पडून राहत. कर्नल गेला तर पुढं काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मुल्लाणींचं दुकान एका गल्लीत, माडीवर होतं. सिनेमाला सामान पुरवून पुरवून म्हातारे झालेले गृहस्थ. भिंतीवर ढाली, छताला टांगलेली हंड्याझुंबरं, कोपऱ्यात डोक्यावर मुकुट घातलेला लाकडी पुतळा. ते कागदात भडंग खात बसले होते.

“या. काय पायजे?”

“पिस्तूल,” मामंजी म्हणाले. “फौजी.”

“नाटकातलं?”

“मग काय खरं देताय?”

मुल्लाणी हसले. “खरं मागणारी माणसं जिन्यावरनंच वळखू येत्यात. तुमी नाटकातलं दिसताय. कोट घालून आलाय.”

खटावकर सरांना हे फार आवडलं.

पहिलं काढलं ते चकचकीत होतं. मामंजींनी ते हातातही घेतलं नाही. “हे वरातीत मिरवायचं. प्रकाशात असं चमकेल की लोकांना पिस्तूल दिसणार नाही, नुसता आरसा दिसेल. फौजी हत्यार काळपट असतं. चमक म्हणजे दुश्मनाला पत्ता.”

“तुमी फौजेत हुता?”

“बावीस वर्षं.”

“कुठल्या पलटणीत?”

“रेशनच्या गोदामात,” सर छताकडे बघत म्हणाले. “बटाट्यांची पलटण.”

“बटाटे खाल्ल्याशिवाय कोण लढतं हो मास्तर?” मामंजी वळले. “तुम्ही लढलात? कॉलेजात हजेरी घेतानासुद्धा पोरांना घाबरता.”

“रंगराव, पिस्तूल बघा.”

दुसरं प्लास्टिकचं होतं. मामंजींनी तळहातावर तोललं आणि माझ्या अंगावर टाकलं. मी दचकून झेललं. “बघितलंत? हिनंसुद्धा एका हातात झेललं. वजन नसलं की नटाचं मनगट खोटं बोलतं. प्रेक्षक मनगट बघतो.” मग उलटं करून मुठीच्या बुडाशी बोट फिरवलं. “आणि इथं कडी कुठाय?”

“कसली कडी?” सर.

“दोरी बांधायची. फौजी पिस्तुलाला कडी असते, हातातून पडलं तरी दोरीला लटकत राहावं म्हणून. कडी नाही म्हणजे हे पोलिसाचं, नाही तर गुंडाचं. माझा कर्नल आहे, गुंड नाही.”

“कडीचं हाय की,” मुल्लाणी म्हणाले आणि आतून एक चपटा डबा घेऊन आले. “हे वतीव हाय. जस्ताचं. घ्या हातात.”

ते खरंच देखणं होतं. काळपट, जड, मुठीला लाकडाच्या पट्ट्या. मामंजींनी खिशातून चष्मा काढला आणि तपासायला सुरुवात केली. दोन अर्धे जोडलेल्या जागी कंगोरा राहिलाय का ते नखानं बघितलं. पट्ट्यांचे स्क्रू अंगठ्यानं दाबून बघितले. वरचा भाग मागं ओढून सोडला. खटकन आवाज झाला. “हा आवाज दहाव्या रांगेपर्यंत जातो,” ते म्हणाले.

“आनि हे आधी बघा,” मुल्लाणींनी नळीचं तोंड उजेडाकडे धरलं. “भरीव हाय. आत भोक नाही. यातनं कायबी सुटत नाही, सुटणार नाही. कुणी उघड्या नळीचं स्वस्तात देतो म्हनलं तर घेऊ नका. पोलीस आधी उचलत्यात, मग इचारत्यात. बिल पिस्तुलाबरोबरच ठेवायचं, प्रयोगाच्या गावात चौकीवर सांगून ठेवायचं, आनि एसटीत तर भाईर काढायचंच नाही.”

माझा हात आपोआप पिशवीतल्या टॉवेलावर गेला.

“झालं ना मग?” सर म्हणाले. “चमक नाही, वजन आहे, कडी आहे, नळी बंद आहे. मुलगी पसंत?”

“मूठ जरा रुंद आहे.”

“रंगराव.”

“रुंद आहे. माझ्या हाताला बसत नाही.”

“पिस्तूल चांगलं आहे. आता शेवटचा प्रवेश करा. ठरलंय आपलं.”

मामंजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. कोटाची बटणं लावली. दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि कोपऱ्यातल्या मुकुटवाल्या पुतळ्यावर पिस्तूल रोखलं. मी खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. हात सरळ, मनगट स्थिर, पाय जमिनीत रोवल्यासारखे. बटाटे मोजलेला माणूस नव्हताच तो. मुल्लाणींनी भडंगाचा घास तोंडाशी नेता नेता थांबवला.

आम्ही थांबलो. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“दाबा की,” मुल्लाणी हळूच म्हणाले.

मामंजींनी चाप ओढला. टक.

“अडकतंय,” ते म्हणाले.

“द्या बघू.” मुल्लाणींनी चाप तीनदा ओढला. टक, टक, टक. “कुठं अडकतंय?”

“माझ्या हातात अडकतं. म्हटलं ना, मूठ रुंद आहे. दुसरं दाखवा.”

दुसरं दाखवलं. तसंच, कडीचं, जरा बारीक मुठीचं. पुन्हा बटणं, पुन्हा पुतळा, पुन्हा तो स्थिर हात. पुन्हा आम्ही वाट बघत उभे. खटावकर सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसत खिडकीशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

“हेही अडकतं,” मामंजी म्हणाले. “काय माल ठेवता हो तुम्ही?”

“माझ्या मालाला नावं ठेवू नका, पावनं,” मुल्लाणींचा आवाज चढला. “चाळीस वर्सं हे काम करतोय. जुनं आणलंय न्हवं? ते दाखवा. काय बिघडलंय त्याचं, बघू तरी.”

मी टॉवेल सोडला. मुल्लाणींनी आमचं जुनं पिस्तूल घेतलं, कानाशी नेलं, चाप ओढला. टक. पुन्हा ओढला. टक.

“ह्याला काय धाड भरलीय?”

“ऐन वेळी अडकलं ते,” मामंजी म्हणाले. “गोळी सुटली नाही.”

“गोळीचा आवाज यातनं येतोय व्हय?”

“छे. सीडीवर आहे. ही वाजवते, विंगेतून.”

“मग?” मुल्लाणींनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. “पिस्तूल अडकंना का! गोळी सीडीत हाय न्हवं? ती का सुटली नाही?”

सर खिडकीशीच होते.

उत्तर आम्हां तिघांनाही माहीत होतं. आमच्या मंडळात गोळी बोटावर सुटत नाही, वाक्यावर सुटते. पूर्वी टिकल्यांचं पिस्तूल वापरत. एका प्रयोगात टिकली उशिरा वाजली. मरणारा आधी पडला आणि गोळी मागाहून आली. लोक इतके हसले की पुढचा अंक करता आला नाही. तेव्हापासून नियम झाला, की नटानं ठरलेलं वाक्य पूर्ण म्हणायचं, वाक्य संपलं की आवाज. चाप ओढो न ओढो, पिस्तुलाच्या जागी लाटणं धरो. हा नियम कुणी केला? मामंजींनीच. कर्नलचं वाक्य होतं, “दार लावून घ्या, थंडी आत येतेय.” जावयाला मारायच्या आधी कर्नल एवढंच म्हणतो. त्या दिवशी मी बटणावर अंगठा ठेवून बसले होते, आणि ते वाक्य आलंच नाही.

हे बाबरला माहीत होतं, आमच्या ह्यांना माहीत होतं, चहा आणणाऱ्यालाही माहीत असेल. त्याच महिन्यात मामंजी एका आठवड्यात दोनदा केस कापून आले होते. दुसऱ्या वेळी न्हाव्यानं मानेभोवती कापड बांधलं, डोक्याभोवती नुसती कात्री वाजवली आणि पैसे घेतले नाहीत. मला हे न्हाव्याच्या बायकोनं सांगितलं, आणि सांगताना तीही म्हणाली, “उन्हाळ्याचं होतं असं कधी कधी.” तेव्हा माघ चालू होता.

“मी विचारतोय कायतरी,” मुल्लाणी म्हणाले.

“ते हिला विचारा!” मामंजी एकदम माझ्याकडे वळले. पिस्तूल हातातच होतं. ते माझ्याकडे रोखलं गेलंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. “बटण हिच्याकडे होतं. डुलकी काढत असेल! आठवी नापास बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय होणार? बाईमाणूस विंगेत नको, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. माझं कुणी ऐकलं? पिस्तूल आणा, पिस्तूल आणा! अरे, हिला बदला!”

“ते खाली करा आधी,” मुल्लाणी म्हणाले. “भरीव असलं तरी मानसावर धरायचं नसतं.”

मामंजींनी हात खाली केला. त्यांना धाप लागली होती.

खटावकर सर खिडकीपासून वळले. तालमीत पोरांना रडवणारा माणूस, पण खरं बोलायची वेळ आली की ते दुसऱ्याच्या तोंडून वदवायचे. “वहिनी,” ते म्हणाले, “असं झालं होतं का?”

प्रश्न कसा विचारलाय ते मला कळलं. मी नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. पुढचं आपोआप झालं असतं, निंबाळकर कर्नल झाला असता आणि सरांना तोंडानं काही म्हणावं लागलं नसतं. माझ्या जिभेवर तो शब्द आलाही होता. अकरा वर्षं त्या माणसानं मला ‘आठवी नापास’ म्हणून वागवलं होतं. मी मामंजींकडे बघितलं. वाटलं होतं, डोळ्यांत राग असेल. राग नव्हता. अनोळखी गावात उतरलेला माणूस पहिल्या भेटलेल्याकडे बघतो ना, तसे बघत होते.

“हो,” मी म्हटलं. “डोळा लागला होता माझा.”

“वहिनी.”

“मुलाची परीक्षा होती. रात्रीची जागत होते. लागला डोळा.”

“वाक्य आलं, आणि तुम्ही झोपला होतात?”

“हो.”

सरांचा चेहरा लाल झाला. मी खोटं बोलतेय हे त्यांना माहीत होतं, आणि ते खोटं आहे असं म्हणायचं तर त्यांना स्वतःलाच सगळं बोलावं लागणार होतं. “छान,” ते म्हणाले. “फारच छान. मिटला प्रश्न. मुल्लाणी, ते बारीक मुठीचं बांधा. रंगराव, कर्नल तुम्हीच. आणि वहिनी, अंतिम फेरीला तुम्ही येऊ नका. मशीनवर मी दुसरा माणूस बसवतो. सामानही तोच बघेल. झोपा घरी निवांत!”

“बरं,” मी म्हटलं.

“मंडळातही काही दिवस नकोच.”

“बरं.”

मुल्लाणींनी पिस्तूल डब्यात ठेवलं, डब्याला कागद गुंडाळला आणि दोरा शोधायला लागले. जाताना मला म्हणाले, “बाई, पानी देऊ का?” मी मान हलवली. जुनं पिस्तूल टॉवेलात घातलं, टॉवेल पिशवीत. पोळ्या तशाच होत्या. राग कुणाचा येतोय ते समजत नव्हतं.

मामंजी जिंकले होते. आता काहीतरी टोचून बोलतील, सरांना एखादा फौजी सलाम ठोकतील म्हणून मी तयारीत होते. ते पुतळ्याजवळच्या स्टुलावर बसले. कोटाचं एक बटण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

“बिलावर नाव काय घालू?” मुल्लाणींनी विचारलं.

“मंडळाचं घाला,” सर म्हणाले.

“घालू नका,” मामंजी म्हणाले.

“आता काय?” सर ओरडलेच. “आता कसली खोट काढणार आहात? वजन? कडी? सगळं तुमच्या मनासारखं झालंय ना?”

“मुल्लाणी, सोडा तो दोरा.” मामंजींचा आवाज बारीक होता, स्टेजवर असा आवाज त्यांनी कधी लावला नसता, तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नसता. “ती झोपली नव्हती, मास्तर.”

“मामंजी, राहू द्या,” मी म्हटलं.

“गप बस. ती झोपली नव्हती. मला विंगेत तिचा चेहरा दिसत होता. ती ओठ हलवून वाक्य सांगत होती मला. किती वेळ सांगत होती. मी बघत होतो, आणि ते ओठ काय म्हणतायत तेही मला कळेना.” त्यांनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पिस्तुलाला काही झालेलं नाही. मला आठवत नाही आता.”